मलकापूरच्या नाक्यावरून

मलकापूर ह्या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. रेल्वेनें नागपुराकडे जाणाऱ्यास बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर माहीत असतें. कोल्हापूरकरांस विशाळगडकर प्रतिनिधींच्या जहागिरीचें ठाणें असलेलें मलकापूर आठवतें. मी ज्याविषयीं लिहीत आहें तें तिसरें मलकापूर, सातारा जिल्ह्यांतील. कऱ्हाडास इतकें लागून कीं कऱ्हाड कोठें संपलें व मलकापूर कोठें सुरू झालें हें परक्यास सांगतां येऊं नये. शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत ह्या गांवाचें नांव येत नाहीं. परंतु पुणें-बंगळूर हा हमरस्ता त्याच्या उरावरून जातो, ढेबेवाडीचा फाटाहि येथेंच फुटतो. आणि म्हणून दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटींत महाराष्ट्रांतील मध्यमवर्ग सहकुटुंब इतिहास पाहावयास कसा निघतो, हें ज्यास अवलोकन करावयाचें असेल त्यास ह्या नाक्यासारखी दुसरी जागा सांपडणें कठीण.

मोटारींत पुढें घरधनी, शेजारीं वाट सांगणारें यंत्र, मागें आजीबाई, त्यांच्या मांडीवर धाकटें नातवंड, आणि पायांशीं चिवड्याचा डबा. मुक्कामांची यादी बहुधा एकच असते. उत्तरेकडून येणारीं कुटुंबें महाबळेश्वर, प्रतापगड व सज्जनगड उरकून पन्हाळा, जोतिबा आणि अंबाबाई ह्यांकडे निघालेलीं असतात. दक्षिणेकडून येणारीं तीच यादी उलट्या क्रमानें वाचीत असतात. मलकापुरास हीं सर्व मंडळी थांबतात, नाहीं असें नाहीं. पण तीं थांबतात चहासाठीं, मिसळीसाठीं व पेट्रोलासाठीं. त्या वेळीं आगाशिवाचा डोंगर अगदीं जवळ उभा असतो. त्याच्या अंगांत साठांच्या घरांत बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. तीं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. त्यांचें आयुष्य प्रतापगडाच्या पांच-सहापट तरी खास आहे. चहाचा पेला खालीं ठेवून पायथ्याशीं पोंचावयास फार वेळ लागत नाहीं. तरी शंभरांतील नव्वद मोटारी तिकडे वळत नाहींत.

हा आळस आहे असें मी म्हणणार नाहीं. जें कुटुंब पहाटे चार वाजतां उठून मुलांस आंघोळी घालून तीनशें किलोमीटर जाण्यास सिद्ध होतें, त्यास आळशी कोण म्हणेल? कारण निराळें आहे, आणि तें आपल्या प्रवासाच्या इतिहासांतच शोधिलें पाहिजे.

आमच्या पणज्यांची पिढी घराबाहेर पडत नसे, हा एक लाडका गैरसमज आहे. ती पुष्कळ हिंडे. पौषांत पालीच्या खंडोबास, चैत्री पौर्णिमेस जोतिबास, आषाढी-कार्तिकीस पंढरपुरास, पर्वणीस माहुलीच्या संगमावर. छकडा किंवा बैलगाडी, फडक्यांत बांधलेली शिदोरी, झाडाखालीं तीन दगडांची चूल, व वाटेंत भेटलेल्या गाड्यांची सोबत. असा तो सहकुटुंब प्रवास असे. परंतु त्या प्रवासांत ‘ऐतिहासिक स्थळ’ नांवाची वस्तु नव्हती. गडावर जावयाचें तें गडावरील देवीचा नवस फेडावयास. तटाचे चिरे, दारूखाना, राजवाड्याचीं जोतीं हीं वाटेंत लागत. मुद्दाम पाहावयास कोणी जात नसे. स्थळ पवित्र असूं शकतें हें लोकांस ठाऊक होतें. स्थळ ऐतिहासिक असूं शकतें, हें त्यांस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावपट्टींत छापखान्यानें, नव्या शिक्षणानें व राष्ट्रीय चळवळीनें शिकविलें.

आणि शिकवितांना त्या चळवळीनें मोठी चतुराई केली. १८९६ सालीं रायगडावर लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें शिवाजी महाराजांचा उत्सव झाला, तेव्हां लोकांस डोंगर चढवून नेण्यास नवी भाषा घडविण्याइतका वेळ कोणापाशीं नव्हता. जुनी यात्रेची भाषा तयार होती. समाधीस पूजा, उत्सवास तिथि, गडास तीर्थाची उपमा, आणि जाणाऱ्यास यात्रेकरूचें पुण्य. ही युक्ति इतकी उत्तम साधली कीं पुढील शंभर वर्षांत महाराष्ट्रानें आपले किल्ले ह्याच दृष्टीनें पाहिले. १९४८ च्या जून महिन्यांत राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास गेली. पुढें त्याच गाड्यांतून शाळांच्या सहली निघूं लागल्या, आणि ज्या घरांत कधीं कोणी प्रतापगड पाहिला नव्हता त्या घरांतील मूल तो पाहून आलें. पूर्वीं मुलांस यात्रेला वडील माणसें नेत. आतां मूलच घरीं येऊन हट्ट धरूं लागलें कीं मला पन्हाळा दाखविला, तुम्हींहि चला. आजची सहकुटुंब सहल ही त्या यात्रेची व ह्या शालेय सहलीची संतति होय, आणि दोघांचे गुणदोष तिच्या अंगीं उतरले आहेत.

यात्रेकडून तिला मिळालें तें दर्शन. दर्शन ही थोर कल्पना आहे. तिची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. पण दर्शनांत पाहणाऱ्यानें समोर उभें राहावें, हात जोडावे आणि मागच्यास जागा करून द्यावी एवढेंच अपेक्षित असतें. मूर्ति कोणत्या दगडाची, कोणत्या शतकाची, येथें कोठून आली, असें विचारणारा भक्त रांग अडवितो. शाळेच्या सहलीकडून मिळाली ती यादी: इतक्या तासांत इतकीं स्थळें.

ह्या दोहोंचा संयोग पाहावयाचा तर साताऱ्याच्या संग्रहालयांतील वाघनखांचें उदाहरण घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखें उसनवारीनें आणून २०२४ च्या जुलैंत साताऱ्यास मांडण्यांत आलीं, व पुढें कांहीं महिने ठिकठिकाणांहून मोटारी भरभरून कुटुंबें तीं पाहावयास आलीं. लोटलेल्या गर्दींत कोणाची श्रद्धा खरी व कोणाची खोटी हें मोजण्याचा मला अधिकार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं त्या वस्तूचा जो खरोखर मनोरंजक भाग, तो बहुतेकांच्या हातून निसटला. हीं वाघनखें साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ ह्यास मिळालीं, व त्याच्या वंशजांकडून संग्रहालयास गेलीं. तीं ज्या पेटींत होतीं तिच्यावरील इंग्रजी मजकुरांत, ह्याच हत्यारानें शिवाजीनें मोगल सेनापतीस मारिलें असें म्हटलें आहे. आतां १६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाखालीं मारिला गेलेला अफझलखान मोगलांचा सेनापति नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, हें आपल्याकडील चौथीच्या मुलासहि माहीत असतें. म्हणजे पेटीवरील मजकूर लिहिणाऱ्याचें इतिहासज्ञान बेताचेंच होतें. आणि तीं वाघनखें तींच होत असें निश्चयानें सांगतां येत नाहीं, असें खुद्द त्या संग्रहालयाचेंहि म्हणणें आहे. पुरावा कसा तपासावा, कागद खोटें न बोलतांहि चूक कसा बोलतो, हें दहा वर्षांच्या मुलास समजावून देण्यास ह्याहून सुरेख साधन मिळणार नाहीं. पण रांग पुढें सरकत होती.

अकरा मारुतींचेंहि तसेंच. समर्थ रामदासांनीं सतराव्या शतकाच्या मध्यास, सुमारें दहा वर्षांच्या अवधींत हे मारुति स्थापिले. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगांव, शिंगणवाडी व चाफळचे दोन, हे सात साताऱ्यांत. बहें-बोरगांव व शिराळें सांगलींत. मनपाडळें व पारगांव कोल्हापुरांत. मलकापूर ह्या वर्तुळाच्या जवळजवळ मध्यभागीं पडतें. हल्लीं अकराहि मारुति मोटारीनें एका दिवसांत करितात, आणि ‘केले’ असेंच म्हणतात. जमिनीवर हीं अकरा ठिकाणें जोडून पाहिलीं तर एका माणसाच्या कार्यक्षेत्राचा नकाशा आपोआप उमटतो. कृष्णा-कोयनेचें खोरें व वारणेचा कांठ, हमरस्त्याच्या दोहों बाजूंचीं गांवें. डोंगरांतील अवघड जागा थोड्या, वाहत्या वस्तीच्या जागा अधिक. हा नकाशा सायंकाळीं दमून परत येतांना मोटारींत बोलण्यास किती चांगला विषय आहे! परंतु त्या वेळीं बहुधा अकरावा राहिला कीं झाला, ह्याचाच हिशेब चाललेला असतो.

असो. आतां आगाशिवाकडे वळूं.

डोंगराच्या माथ्यावर शंकराचें देऊळ आहे. श्रावणांतील सोमवारीं तेथें माणसांची रीघ लागते. लेंकुरवाळ्या बायका, म्हातारे, शाळकरी पोरें सर्व चढतात. म्हणजे आगाशिवास कोणी जात नाहीं असें मुळींच नाहीं. जातात ते देवास जातात, आणि वाटेंत लेणीं लागतात. दमलेलीं माणसें विहारांतील दगडी बांकावर टेंकतात, पाणी पितात, पाऊस आला तर आडोसा घेतात, आणि पुन्हां चढूं लागतात. विचार केला तर हा उपयोग त्या लेण्यांच्या मूळ हेतूस अगदींच सोडून नाहीं. पावसाळ्याचे चार महिने भटकणाऱ्या भिक्षूंस एका जागीं राहतां यावें म्हणूनच असे विहार खोदीत. दोन हजार वर्षें उलटलीं तरी पावसांत तो बांक माणसाच्या कामीं येतो आहे. पण आपण कोणाच्या घरांत बसलों होतों, हें त्या माणसास कोणीं सांगितलेलें नसतें.

हीं लेणीं इसवी सनाच्या आरंभाच्या मागच्या-पुढच्या काळांतील आहेत. एक समूह जखिणवाडीच्या अंगास आहे. दुसरीं डोंगराच्या इतर सोंडांवर विखुरलेलीं असून कांहींचें तोंड कोयनेच्या खोऱ्याकडे आहे. १८४९ च्या सुमारास सातारा येथील इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअर ह्यानें त्यांजकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें, व पुढें बर्जेसनें त्यांची व्यवस्थित नोंद केली. चैत्य आहेत, विहार आहेत, भिंतींत खणलेल्या झोंपावयाच्या कोठड्या आहेत. एका चैत्याच्या दाराशीं चक्र व सिंह कोरलेले आढळतात. ह्यापलीकडे नक्षीकाम फारसें नाहीं. ज्याचा डोळा कार्ल्याच्या कमानीवर किंवा अजिंठ्याच्या चित्रांवर पोसला आहे, तो येथें येऊन निराश होतो. ‘नुसतीं भोकें आहेत’ हा अभिप्राय मीं एका सुशिक्षित गृहस्थाच्या तोंडून ऐकिला आहे. येथला खडकहि बारीक कोरणीस अनुकूल नाहीं. पण साधेपणाचें मुख्य कारण मला वाटतें निराळें आहे. येथें राजा नव्हता. खर्च करणारा हात लहान होता.

तो हात कोणाचा असावा ह्याचा माग कऱ्हाडांत नव्हे, कऱ्हाडाबाहेर लागतो. रायगड जिल्ह्यांत मांदाडच्या खाडीजवळ कुडें येथें लेणीं आहेत. त्यांत एक लेणें देणाऱ्याचा लेख आहे: देणारा ‘करहाकड’ गांवचा महिक, धंदा लोखंडाचा व्यापार. करहाकड म्हणजेच आपलें कऱ्हाड, ह्याविषयीं विद्वानांत एकमत आहे. हा महिक घाटावरून लोखंड घेऊन खाडीपर्यंत उतरत असावा. आजचा प्रवासी चिपळुणास जातांना जो कुंभार्लीचा घाट उतरतो, तो किंवा तसाच दुसरा एखादा घाट त्याच्याहि पायांखालचा असणार. माल विकला, गांठीस पैसा आला, आणि घरापासून इतक्या दूर त्यानें डोंगरांत एक खोली कोरवून भिक्षूंस दिली. कुड्याच्या इतर दात्यांत वैद्य आहे, माळी आहे. हा राजांचा इतिहास नव्हे, बाजारपेठेचा आहे.

त्याहून जुना पुरावा त्याहून दूर आहे. मध्यप्रदेशांत सतना जिल्ह्यांत भारहुत येथें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास एक मोठा स्तूप उभा राहिला. त्याचा दगडी कठडा हल्लीं कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्यें आहे. त्या कठड्यावर करहकट नगराच्या दानाचा लेख आहे. कऱ्हाडापासून भारहुत हजार किलोमीटरांच्या आसपास. मध्यें भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा. घोडा, बैल व पाय ह्यांवांचून साधन नाहीं. तरी येथील कांहीं माणसें तेथपर्यंत गेलीं, निदान त्यांचा पैसा गेला, आणि आपल्या गांवाचें नांव तेथें दगडावर ठेवून आलीं. ‘आमच्या काळीं कोठें हो प्रवास’ असें म्हणणाऱ्या आजोबांस हा लेख अवश्य दाखवावा.

हमरस्ता आणि लेणीं हीं जवळजवळ असणें हा योगायोग नव्हे, हें आतां ध्यानांत येईल. रस्ता होता म्हणून व्यापारी होता, व्यापारी होता म्हणून भिक्षेस अन्न होतें, अन्न होतें म्हणून डोंगरांत विहार झाले. मोटारीनें जाणारा मनुष्य लेण्यांकडे पाठ फिरवून जो डांबरी रस्ता धरितो, त्याच खोऱ्यांतील वाटेनें हीं लेणीं जन्मास घातलीं. माझा मुद्दा हाच आहे. ह्या भागांतील सर्वांत जुनें ऐतिहासिक स्थळ म्हणजे ही वाट, आणि आपण मात्र तिला दोन स्थळांमधील वेळ खाणारें अंतर समजतों.

वाटेवरून पाहूं लागलें म्हणजे किल्लेहि निराळे दिसूं लागतात. मलकापुराहून साताऱ्याकडे निघालें कीं थोड्याच वेळांत डावीकडे तळबीड व त्यावरचा वसंतगड लागतो. १६९९ च्या ऑक्टोबरांत औरंगजेब बादशहा भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीची छावणी मोडून मराठ्यांचे किल्ले घेण्यास स्वतः निघाला. वय एक्याऐंशी वर्षांचें. नोव्हेंबराच्या अखेरीस पहिला पडला तो वसंतगड. बादशहानें त्याचें नांव ठेविलें ‘किलीद-इ-फतेह’, विजयाची किल्ली. डिसेंबरांत साताऱ्यास वेढा पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभु ह्यांनीं तो एप्रिलपर्यंत लढविला, आणि १३ एप्रिल १७०० रोजीं मोगलांनीं उडविलेला सुरुंग उलटून त्यांचींच माणसें ढिगाऱ्याखालीं गाडलीं गेलीं. जूनमध्यें परळीचा सज्जनगड गेला. पुढच्या वर्षीं तीच छावणी पन्हाळ्याखालीं होती, व तेथेंच एप्रिल १७०१ मध्यें इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस बादशहास भेटला. आतां सहलीची यादी काढून पाहा: सातारा, सज्जनगड, पन्हाळा. मलकापूरच्या नाक्यावरून जाणारें कुटुंब नकळत औरंगजेबाच्या स्वारीचाच क्रम चालत असतें. मात्र ज्या किल्ल्यानें तो क्रम सुरू होतो तेवढा वगळून. पन्हाळा व प्रतापगड २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेले, त्याचा आनंद आहेच. वसंतगड त्या यादींत नाहीं, म्हणून त्याखालीं मोटार थांबण्याचा संभव पूर्वींपेक्षां आणखी कमी झाला, असें मला भय वाटतें.

आणि तळबीड तर हंबीरराव मोहित्यांचें गांव. १६८७ सालीं वाईजवळच्या लढाईंत हंबीरराव पडले. त्यांची कन्या ताराबाई. १७०० च्या मार्चांत सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तेव्हां तिचें वय पंचविशीच्या आसपास. माहेरचा गड सुमारें तीन महिन्यांपूर्वीं शत्रूकडे गेलेला, साताऱ्यास वेढा चाललेला. त्या मुलीनें पुढें सात वर्षें बादशहास दाद दिली नाहीं. ही गोष्ट पुस्तकांत वाचणें वेगळें, आणि तळबिडांत वसंतगडाकडे मान वर करून ऐकणें वेगळें. तेथें गड व गांव ह्यांतील अंतर डोळ्यांस दिसतें. बापाच्या अंगणांतून ज्या तटाकडे पाहात ही पोर वाढली असेल तो तट समोर असतो. गाडींतील मुलींस ही जागा दाखविल्यावांचून पुढें नेणें हा मी अन्याय समजतों.

कोणी म्हणेल, हें सर्व प्राध्यापकी आहे. मुलांना तलवारी हव्यात, मोठ्यांना मोकळी हवा हवी, आणि लोखंडाच्या व्यापाऱ्यासाठीं कोणी डोंगर चढणार नाहीं. ह्या आक्षेपास उत्तर मला पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. ह्याच रस्त्यानें कोल्हापूर ओलांडून पुढें गेलें कीं कणेरीच्या मठाचें संग्रहालय लागतें. तेथें राजा नाहीं, लढाई नाहीं. लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, परीट, असे बारा बलुतेदार आपापल्या कामांत गुंतलेले, माणसाएवढ्या पुतळ्यांत उभे केले आहेत. शेत आहे, गुरें आहेत, ओटीवर बसलेल्या बायका आहेत. सुटींत तेथें किती कुटुंबें लोटतात तें ज्यानें पाहिलें आहे, तो सामान्य माणसाच्या इतिहासाची लोकांस आवड नाहीं असें म्हणणार नाहीं. उलट तेथें एक गोष्ट घडते जी प्रतापगडावर घडत नाहीं. तेथें आजी बोलूं लागते. जातें कसें ओढीत, मोट कशी चाले, कासाराकडे बांगड्या भरतांना हात कसा दाबीत, हें ती सांगते, आणि यंत्रावरून मान न उचलणारा नातू ऐकतो. शाळेच्या सहलीस जें कधींहि साधत नाहीं तें कुटुंबास साधतें, कारण कुटुंबांत तीन पिढ्या एका गाडींत असतात.

मात्र पुतळे पाहतांना एक खुटखुट मनांत राहतेच. सिमेंटचा लोहार पाहावयास शंभर किलोमीटर जावयाचें, आणि ज्या कऱ्हाडाच्या खऱ्या लोखंडवाल्याचें नांव दोन हजार वर्षांपूर्वींच्या दगडावर आहे त्याच्या गांवावरून न थांबतां जावयाचें, ह्यांत कांहीं तरी चुकतें आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींस ही मेख बरोबर कळली होती, असें मला वाटतें. १९३८ सालीं त्यांनीं आपलें संग्रहालय उघडलें तें देवीच्या डोंगराच्या वाटेवर. मूळपीठास जाणारा यात्रेकरू जातां-येतां तेथें डोकावतो, आणि रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत कांहीं तरी पाहून घरीं जातो. दर्शनास आलेल्या माणसाला त्यांनीं हळूच निरीक्षणाच्या वाटेस लाविलें. आगाशिवावर देव आहे, वाट आहे, लेणीं आहेत, श्रावणांत हजारों पावलें आहेत. लेण्याशीं उभें राहून चार शब्द सांगणाराच तेवढा हवा.

अलीकडच्या इतिहासाची दशा तर आणखी बिकट, कारण त्यावर देऊळहि नाहीं आणि तटहि नाहीं. कऱ्हाड तालुक्यांतील शेणोली हें रेल्वेवरचें लहानसें गांव. ७ जून १९४३ रोजीं प्रतिसरकारच्या तुफान सेनेनें तेथें रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून सरकारी खजिना लुटला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची ही एक सर्वांत धाडसाची घटना. ती जेथें घडली तेथून आजहि गाड्या जातात. कऱ्हाडचें स्टेशन गांवापासून दूर ओगलेवाडीस आहे. तेथील कांचेच्या कारखान्यांतून निघालेला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत जळत असे. त्या कंदिलाखालीं अभ्यास केलेलीं माणसें अद्याप आपल्या घरांत आहेत. मागच्या बांकावर बसलेल्या आजोबांस ओगलेवाडीवरून नेऊन पाहावें. अफझलखानाविषयीं ते जेवढें सांगूं शकत नाहींत तेवढें कंदिलाची कांच राखेनें पुसण्याविषयीं सांगतील, आणि तेंहि इतिहासच आहे.

मलकापूरच्या नाक्याचें रूप सध्यां झपाट्यानें पालटत आहे. महामार्ग रुंद करण्यासाठीं येथील जुना उड्डाणपूल २०२३ सालीं पाडण्यांत आला, आणि त्याच्या जागीं खांबांवरून जाणाऱ्या लांबलचक उंच रस्त्याचें काम निघालें. वाहतुकीच्या कोंडींत तासन्‌तास अडकलेल्या माणसास त्याची किती गरज होती हें मी जाणतों. परंतु अशा पुलांवरून गाडी जाऊं लागली म्हणजे खालचें गांव तिला लागतच नाहीं. चहासाठीं कां होईना, जी मोटार आगाशिवाच्या पायथ्याशीं थांबत होती ती डोंगराच्या समोरून दोन मिनिटांत निघून जाईल.

म्हणून ज्यांची मोटार अद्याप थांबते त्यांस माझें एवढेंच सुचविणें आहे कीं एखादी सुटी ह्या नाक्याच्या परिघांतच घालवावी. उन्हें चढण्यापूर्वीं जखिणवाडीच्या बाजूनें आगाशिवावर जावें. बरोबर विजेरी असावी, कारण आंतल्या कोठड्यांत अंधार असतो व वटवाघळें असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं खालच्या लेण्यांपाशींच थांबावें. दुपारीं तळबिडास जाऊन झाडाच्या सावलींत शिदोरी सोडावी. सायंकाळीं कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यावें. तेथें दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात व मग एकत्र पूर्वेकडे वळतात. जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. मुलांस तेथें पळूं द्यावें, भेळ घ्यावी, आणि आजीबाईंस पायरीवर बसवून विचारावें कीं त्यांच्या लहानपणीं पालीच्या यात्रेस गाडी किती वाजतां जुंपीत.